लढाईचे शब्द कुणाचे?

(अंबाजोगाई इथं युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मित्रमैत्रिणींनो, मी मराठी शिकवते. आयुष्यभर तेच केलं. त्यामुळे आज तुमच्यापुढे राजकारणाचं भाषण करणार नाही. मी फक्त शब्दांबद्दल बोलणार आहे, आणि तेही लढाईच्या शब्दांबद्दल. कारण एका मुलीनं मला एक प्रश्न विचारला होता आणि त्या दिवशी मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही.

ती माझी बारावीची विद्यार्थिनी. वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. विषय होता ‘गनिमी कावा’. आपल्या मुली अशा स्पर्धेला कमी जातात, म्हणून मी तिची तयारी मनापासून करून घेतली होती. ती छान बोलली. टाळ्याही पडल्या. नंतर परीक्षकांपैकी एकांनी तिला जवळ बोलावलं आणि अगदी प्रेमानं सांगितलं, “बेटा, तुझं मराठी चांगलं आहे हं. पण विषय महाराजांचा आहे. फौज, लष्कर, मोहीम हे तुमचे उर्दू शब्द टाळायला हवे होते. जरा शुद्ध मराठी बोलायला शिक.”

तिच्या आधी बोललेल्या मुलानंही फौज म्हटलं होतं, मोहीम म्हटलं होतं. त्याला कुणी काही बोललं नाही. शब्द तेच होते, नाव वेगळं होतं.

परत येताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मॅडम, घरी आम्ही दखनी बोलतो, तर मामू म्हणतात हे खरं उर्दू नाही. इथं मराठी बोलले, तर म्हणतात हे खरं मराठी नाही. मग माझे शब्द कोणते?”

आज तिला जे सांगायचं राहून गेलं ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, त्या स्पर्धेच्या विषयाचीच. ‘गनीम’ हा अरबी शब्द आहे. लूट करणारा, शत्रू. मोगलांचे फारसी इतिहासकार हा शब्द मराठ्यांसाठी वापरायचे. मराठी कागदांत तोच शब्द समोरच्या शत्रूसाठी येतो. म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना एकाच शब्दानं शत्रू म्हणत होत्या! आणि ‘कावा’ म्हणजे मुळात घोड्याला गोल गोल फिरवणं. समोरून सरळ न जाता वळसा घेऊन गाठायचं, हुलकावणी द्यायची, हा अर्थ त्यातून आला. आज ‘गनिमी कावा’ म्हटलं की महाराजांचं आणि सह्याद्रीचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं. ते तसंच राहू द्या. पण फौज शब्द अशुद्ध म्हणणाऱ्या परीक्षकांना विषयाच्या नावातला पहिलाच शब्द दिसला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, महाराजांनीच तर फारसी शब्द काढून टाकायला कोश करून घेतला होता. बरोबर आहे. हे लपवायचं काही कारण नाही. उलट तो कोश आपण नीट ओळखून घेतला पाहिजे.

त्याचं नाव ‘राज्यव्यवहारकोश’. 1674 मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत तो तयार झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडे हे काम होतं, धुंडिराज व्यास यांचाही त्यात हात होता. कोश संस्कृत श्लोकांत आहे, अमरकोशाच्या धर्तीवर. दरबारात आणि कचेरीत चालणारा फारसी-अरबी किंवा दखनी शब्द द्यायचा आणि त्याला संस्कृत प्रतिशब्द द्यायचा. त्याचे दहा वर्ग आहेत. राजाचा वर्ग आहे, कारखान्यांचा आहे, लेखनाचा आहे, बाजाराचा आहे. त्यात शस्त्रांचा एक वर्ग आहे, चतुरंग म्हणजे सैन्याचा एक आहे, आणि दुर्गांचा, म्हणजे किल्ल्यांचा एक आहे. दहातले तीन वर्ग सरळ लढाईचे.

राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावंही बदलली. पेशवा होता, तो मुख्य प्रधान झाला. मुजुमदाराचा अमात्य झाला. सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री, डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती.

यामागची भावना समजून घ्या. नवं राज्य उभं राहतंय. त्याला स्वतःचा शिक्का हवा, स्वतःचा शक हवा, स्वतःची भाषा हवी. कुठल्याही नव्या राज्याला हे वाटतं. यात मला मुसलमानांचा द्वेष दिसत नाही. ज्या राज्यात हा कोश झाला, त्याच राज्याच्या आरमारावर मायनाक भंडारी यांच्याबरोबर दौलतखान होते. पायदळाचा सरनौबत म्हणून सभासद बखरीत नूरबेगाचं नाव येतं. तेव्हा कोश झाला म्हणून आपण रुसायचं कारण नाही.

पण पुढं काय झालं तेही बघा. सचिव, मंत्री, सेनापती हे शब्द टिकले. आपण रोज वापरतो. पण मुख्य प्रधानाचं काय झालं? सगळा महाराष्ट्र त्यांना पेशवेच म्हणत राहिला. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवर एवढं बारकाईनं लिहिलंय, त्यांचं पद संस्कृत, अमात्य. आणि त्यांना मिळालेला किताब फारसी, हुकुमतपन्हा. एकाच माणसाच्या नावापुढे दोन्ही शब्द सुखानं बसले. आजही वर्तमानपत्र उघडा. देशाच्या सैन्याच्या प्रमुखाला मराठी पेपर काय म्हणतात? लष्करप्रमुख. आमचे परीक्षकही रोज सकाळी चहाबरोबर हेच वाचत असणार.

लोकांनी या दोन शब्दभांडारांतून एक निवडलंच नाही. त्यांनी काय केलं, ते एका साध्या शब्दात दिसतं. गडकिल्ले. गड हा आपला देशी शब्द. किल्ला अरबी, मूळ ‘कलअ’. दोन्हींचा अर्थ तोच. कोशात एक डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला लिहिला असता. मराठी माणसानं दोन्ही शब्द उचलले आणि एकमेकांना चिकटवून टाकले. असे किती सांगू! कागदपत्र. धनदौलत. रीतिरिवाज. बाजारहाट. प्रत्येकात एक शब्द दुसऱ्याचा अर्थ सांगतोय. दारूगोळा घ्या, तटबुरूज घ्या. एक चाक इकडचं, एक चाक तिकडचं, पण गाडी चालते. पंडितांनी कोश लिहिला तो पोथीत राहिला. लोकांनी कोश केला तो तोंडात राहिला.

आता हे शब्द आले कसे? तलवारीच्या जोरावर आले, असं एक उत्तर नेहमी मिळतं. मला ते अर्धवट वाटतं. नोकरीतून आले, हे जास्त खरं आहे.

शिलेदार आणि बारगीर यांतला फरक माहीत आहे का? शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येणारा. अरबीत ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. बारगीराला घोडा सरकारचा. तो घोडा राहायचा पागेत. ही पागा म्हणजे फारसी ‘पायगाह’. हैदराबादच्या निजामाकडचे मोठे उमराव पायगाह म्हणवायचे, तोच हा शब्द. एकीकडे तो नवाबाच्या घराण्याचं नाव झाला, दुसरीकडे मराठी गावात घोड्यांचा तबेला झाला. आता विचार करा. एखादा कुणब्याचा पोरगा आदिलशाहीत, निजामशाहीत, मोगलांकडे, मग महाराजांकडे चाकरी करतो. मालक बदलतो, पण घोडा, रसद, हजेरी, कूच आणि मुक्काम हे शब्द तेच राहतात. आज कंपनी बदलली तरी ड्युटी, शिफ्ट, ओव्हरटाइम हे शब्द बदलत नाहीत, तसंच.

आणि हे शब्द लिहीत कोण होतं? पारसनीस, म्हणजे फारसी लिहिणारा. सबनीस, चिटणीस, फडणीस. ही आडनावं कुणाची आहेत ते तुम्हाला माहीत आहे. फारसी ही त्या काळच्या कचेरीची भाषा होती, ती शिकलेल्या माणसाची भाषा होती. मुसलमानाची घरची भाषा नव्हती. आपल्या बीड जिल्ह्यातले पिंजारी, आतार, तांबोळी, बागवान, मोमीन यांच्या घरात काय फारसी बोलत होते? शेतात, बाजारात, विणकामावर असलेल्या आपल्या पूर्वजांना फारसीचा कागद वाचून घ्यायला बहुधा त्याच पारसनीसाकडे जावं लागत असेल.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडेही एक चूक होते. मोबाईलवर निरोप फिरतात, मराठीत एवढे हजार शब्द ‘आमचे’ आहेत, ते काढले तर मराठी मुकी होईल. वाचून बरं वाटतं, छाती फुगते. पण ही त्या परीक्षकांचीच चूक आहे, फक्त उलटी. त्यांनी शब्दाला धर्म चिकटवून तो बाहेर काढला, आपण धर्म चिकटवून त्याची मालकी सांगतो. शब्दाला सुंता नसते आणि जानवंही नसतं.

खरं तर लढाईचे शब्द कुणा एकाचे नसतातच. शस्त्र जिथून येतं तिथून शब्द येतो, आणि शस्त्र सगळीकडे फिरतं. बंदूक बघा. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, एक कवचाचं फळ. अरबांनी ते नाव घेतलं ग्रीकांकडून. काळ्या समुद्राच्या काठाला पोंतस नावाचा प्रदेश होता, तिथलं फळ म्हणून ग्रीक त्याला पोंतसचं फळ म्हणायचे. फळाचा आकार गोल, म्हणून गोळीला तेच नाव पडलं. पुढे गोळी फेकणाऱ्या हत्याराला ते लागलं. ग्रीकांचा सुका मेवा आपल्याकडे येईपर्यंत बंदूक झाला!

बुरूज हा अरबी ‘बुर्ज’. कुरआनातली सूरह बुरूज तुम्हाला माहीत आहे. पण अनेक अभ्यासक त्याचं मूळ ग्रीक ‘पिर्गोस’ या शब्दात शोधतात, त्याचाही अर्थ मनोराच. तोफ तुर्की आहे. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगिजांकडून आले. पलटण युरोपी, गारदीसुद्धा युरोपी ‘गार्ड’वरून. आणि खंदक? हिजरी 5, म्हणजे इसवी सन 627 मध्ये मदिनेभोवती खंदक खणला गेला, तो हजरत सलमान फारसी यांच्या सल्ल्यानं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इराणची युक्ती होती, शब्दही इराणचा होता. फारसीत ‘कंदन’ म्हणजे खणणे. आणि आपलं मराठी खणणे, खाण, संस्कृत खन्, हे सगळे त्याच घराण्यातले. म्हणजे खंदक परका म्हणून काढायचा ठरवला तर कळतं की हा तर आपला दूरचा चुलत भाऊ आहे, फक्त अरबस्तानमार्गे घरी आलाय.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठावर राक्षसभुवन आहे. शनीच्या देवस्थानामुळे सगळ्यांना माहीत. तिथं 10 ऑगस्ट 1763 रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला तरुण माधवराव पेशवे आणि राघोबादादा, दुसऱ्या बाजूला निजामअली. गोदावरीला पाणी होतं. निजाम नदी ओलांडून पलीकडे गेला होता, त्याची अर्धी फौज अलीकडच्या काठावर राहिली होती. मराठ्यांनी तिथंच गाठलं. निजामाचा पराभव झाला आणि त्याचा दिवाण रणात पडला.

त्या दिवाणाचं नाव काय होतं? विठ्ठल सुंदर. निजामाचा दिवाण, मराठी बोलणारा ब्राह्मण, पेशव्यांशी लढताना मेला. आणि त्याच्या तीनच वर्षं आधी, 1760 मध्ये, आपल्या शेजारी उदगीरला निजामाविरुद्ध पेशव्यांच्या बाजूनं तोफा कुणी चालवल्या? इब्राहिमखान गारदी यांनी. ते आधी निजामाकडे होते. पुढच्या वर्षी पानिपतावर ते पेशव्यांसाठी लढले आणि प्राणाला मुकले.

राक्षसभुवनाच्या काठावर त्या दिवशी दोन्हीकडून कुठल्या भाषेत हुकूम सुटले असतील? दोन्हीकडे फौज होती, दोन्हीकडे तोफखाना, दोन्हीकडे रसद, शेवटी दोन्हीकडे तह. शब्दांवरून तुम्हाला बाजू ओळखता आली नसती. नावांवरूनही आली नसती. ही लढाई राज्यांची होती. तिला आजच्या वस्त्यांची भांडणं मागाहून जोडायची आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात एका बाजूच्या पोरांनी मान खाली घालायची, हे इतिहासाला धरून नाही.

आपण जिथं बसलोय ते अंबाजोगाई बघा. मराठीचे आद्यकवी म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या मुकुंदराजांचं हे गाव. निजामाच्या काळात याचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. आद्यकवीच्या गावात रिसाला, रिसालदार, छावणी हे शब्द रोजचे होते. पलीकडे धारूर. तिथल्या किल्ल्याचं दुसरं नाव फत्तेहाबाद. हा जिल्हाच एक जोडशब्द आहे म्हणा ना.

या शब्दांचा अभ्यास कुणी केला, तेही सांगते. मौलवी अब्दुल हक, ज्यांना ‘बाबा-ए-उर्दू’ म्हणतात, ते औरंगाबादला होते. त्यांनी मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला यावर उर्दूत पुस्तक लिहिलं, 1933 साली. त्याआधी 1925 मध्ये माधवराव पटवर्धनांनी फारसी-मराठी कोश केला. हे पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन, मराठीत गझल रुजवणारे, फारसीचे प्राध्यापक. गंमत अशी की पुढं हेच माधवराव भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले, 1938 मध्ये त्यावर पुस्तकही लिहिलं. एकाच माणसानं आधी फारसी शब्द वेचले, मग ते कमी करा म्हटलं. त्यांचं मत मला पटत नाही, पण त्यांच्या कोशाशिवाय आमचं काम चालत नाही. आणि आपल्या मराठवाड्यातले डॉ. यू. म. पठाण. संत साहित्याचे अभ्यासक, मराठीचे प्राध्यापक. 1990 मध्ये पुण्याला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. फारसी आणि मराठीच्या नात्यावर त्यांनी काम केलं. मराठी ही पठाणांची भाषा आहे का, असं त्यांना कुणी विचारलं असेलच. त्यांनी ते कामानं उत्तर दिलं.

आतापर्यंत गोड गोड झालं. आता जड शब्दांकडे येते, कारण तेच टाळले तर या भाषणाला अर्थ नाही.

एक शब्द तुम्ही शाळेत, ग्राउंडवर, क्रिकेटच्या मॅचनंतर ऐकला असेल. रझाकार. आपल्या मराठवाड्यात ही शिवी आहे. शब्दाचा अर्थ काय? स्वतःच्या मर्जीनं काम करणारा, स्वयंसेवक. इतका साधा शब्द. पण कासीम रझवीच्या संघटनेनं तो घेतला आणि तिनं गावोगाव जे अत्याचार केले, त्यामुळे शब्द नासला. त्याचा दोष शब्दाचा नाही, ते अत्याचार ऐकून ज्यांच्या अंगावर आजही काटा येतो त्यांचाही नाही. आपल्या घरात कुणी म्हणालं की रझाकारांनी काही केलंच नाही, तर ते खोटं आहे, हे आपण आपल्याच घरात बोललं पाहिजे.

पण हेही सांगितलं पाहिजे की रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्या ‘इमरोज’ या उर्दू पत्राच्या संपादकाचं नाव शोएबुल्ला खान होतं आणि ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा हैदराबादच्या रस्त्यावर खून झाला. आज बीडच्या एखाद्या पोराला कुणी रझाकार म्हणतं, तेव्हा ते त्याचा संबंध मारणाऱ्याशी जोडतात. शोएबुल्ला खानांशी का जोडू नये?

दुसरा शब्द, ‘पोलीस अ‍ॅक्शन’. 13 ते 17 सप्टेंबर 1948. रणगाडे होते, विमानं होती, सैन्य होतं. नाव मात्र पोलिसी कारवाईचं. लढाईला सौम्य नाव दिलं की तिच्या मागं जे घडतं ते बोलायला शब्द उरत नाहीत. त्यानंतर उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सामान्य मुसलमानांवर काय गुदरलं, ते बघायला सरकारनंच पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिचा अहवाल लोकांपुढे यायला कित्येक दशकं गेली. आपल्या आजी-नानी त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. मुक्तिसंग्राम आपला सगळ्यांचा आहे, निजामाचं राज्य गेलं ते चांगलंच झालं, हे मी कुठंही उभी राहून म्हणेन. आणि नानीचं दुःखही खरं आहे, हेही म्हणेन. यातलं एक म्हणायला दुसरं गिळावं लागू नये.

तिसरा शब्द लष्कर. आपल्या मराठीत लष्कर म्हणजे देशाचं सैन्य. टीव्ही लावला की लष्कर म्हणजे अतिरेकी संघटना. एकाच शब्दाचे दोन टोकाचे अर्थ आणि मधे उभा कोण? पहाटे पाच वाजता भरतीसाठी रस्त्यावर धावणारा आपला पोरगा. त्याला हवालदार व्हायचंय, सुभेदार व्हायचंय. डॉ. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी होते, हे आपण आदरानं म्हणतो. ती पदांची नावं सैन्यात आजही चालतात. आणि त्या पोराला प्रत्येक वाद झाला की हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव दाखल्यासारखं काढून दाखवावं लागतं. अब्दुल हमीद यांनी 1965 मध्ये रणगाड्यांपुढे प्राण दिला, तो काही आपल्या चारित्र्याचा दाखला म्हणून नव्हे. त्यांचं नाव आदरानं घ्या, केविलवाणेपणानं घेऊ नका.

आणि जिहाद. अरबीत लढाईसाठी ‘हर्ब’ आहे, ‘किताल’ आहे. जिहादचा मूळ अर्थ पराकाष्ठेची धडपड. बातम्यांत आज प्रेमाला, जमिनीला, कशालाही तो जोडतात. पण आधी हा शब्द निरपराधांच्या रक्तात कुणी बुडवला? आपलंच नाव घेणाऱ्यांनी. तेव्हा दोघांनाही सांगायला हवं, ज्यांनी तो बंदुकीला बांधला त्यांनाही, आणि जे तो शेजाऱ्याच्या नावाला बांधतात त्यांनाही.

शब्द असे नासतात, तसे ते सुधारतातही. मराठीनं लढाईच्या कितीतरी शब्दांची हत्यारं काढून घेतली आहेत. मोर्चा म्हणजे किल्ल्यासमोर खणलेली आडोशाची जागा, जिथून तोफ डागायची. आज मोर्चा म्हणजे हातात फलक घेऊन कलेक्टर कचेरीवर जायचं. मोहीम म्हणजे स्वारी. आज पोलिओची मोहीम असते.  आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, शिकस्त. फारसीत शिकस्त म्हणजे मोडणं, हार. मराठीत आपण म्हणतो, प्रयत्नांची शिकस्त केली. हारण्याचा शब्द मराठीत आला आणि शेवटपर्यंत प्रयत्न करण्याचा शब्द झाला.

शहीद हाही तसाच. अरबीत त्याचा अर्थ साक्षीदार. इंग्रजीतला मार्टिर ग्रीकमधून आला, तिथंही मूळ अर्थ साक्षीदारच. सावरकरांनी मराठीला हुतात्मा शब्द दिला, स्वतःची आहुती देणारा. मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचा हुतात्मा चौक आहे. गावागावांत शहीद जवानांची स्मारकं आहेत. कोश म्हणेल एक ठेवा, एक काढा. माणसं दोन्हींपुढे फुलं ठेवतात.

तर त्या मुलीला काय सांगायचं? हेच की, बाई, तुझ्या तोंडात जे शब्द आहेत ते तुझे. फौजही तुझी आणि सैन्यही तुझं. दखनीतलं ‘नक्को’ मराठीकडून आलंय आणि मराठीतलं लष्कर फारसीकडून. कुणी शुद्ध बोल म्हणालं तर रागावू नको, त्यांना ‘गनिमी’चा अर्थ विचार. आणि कुणी मराठी आपली नाही म्हणालं, तर त्यांना आपल्याच नानीच्या तोंडचे शब्द मोजायला लाव.

आता तुमच्यासाठी एक काम. एक वही घ्या. तीन रकाने आखा. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात तो कुठून आला, तिसऱ्यात तो आज तुमच्या गावात काय काम करतो. माजलगाव, परळी, केज, आष्टी, पाटोदा, जिथले असाल तिथले शब्द. नानीला विचारा, शेजारच्या आजीला विचारा, निवृत्त हवालदाराला विचारा, शाहिराला विचारा. सुरुवात लढाईच्या शब्दांपासून करा, ते सगळ्यात जास्त फिरलेले असतात. ज्या शब्दाचं मूळ सापडणार नाही तिथं जागा कोरी सोडा, मनानं भरू नका. पन्नास शब्द झाले की मला दाखवा. चुका मी काढीन, लाल शाईनं.

सतराव्या शतकातल्या पंडितांच्या कोशात दोन रकाने होते. आपण तिसरा जोडू.